अंगठाभर जागा

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत एका बालरोगतज्ज्ञाने कुंडी बदलण्याविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. लसीकरण, दमा, मुलांचा आहार या विषयांवर लिहिण्याची सवय हाताला आहे. यंदा मात्र मी माझ्या एका चुकीविषयी लिहिणार आहे. ती दवाखान्यात नव्हे, घराच्या गॅलरीत घडली; पण ती घडण्यामागची विचारसरणी आपल्या व्यवसायालाही परकी नाही, म्हणून हा प्रपंच.

बडोद्याला झाडांची हौस फार जुनी आहे. शहराच्या नावातच वड आहे. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये उभारलेल्या कमाटीबागेत आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले. जुन्या घरांच्या परसात कढीपत्ता, प्राजक्त, जास्वंद आणि तुळस असायचीच. आता त्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि परसदार आक्रसून गॅलरीएवढे झाले. जमिनीत झाड आपले आपण पाय पसरते. कुंडीत मात्र त्याला किती जागा द्यायची, हे आपण ठरवतो. चुकीला वाव आहे तो तेथेच.

आमच्या जुन्या घराच्या परसात, आडाच्या कठड्याशी, एक मोगरा होता. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या, त्या वर्षी सासऱ्यांनी तो लावला होता. घर पाडायचे ठरले तेव्हा सासूबाईंनी (आम्ही सर्वजण त्यांना आई म्हणतो) भांडीकुंडी, कपाटे, झोपाळा यांपैकी कशाचाही हट्ट धरला नाही. निघण्याच्या दिवशी त्यांनी मोगऱ्याच्या तीन फांद्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि मांडीवर ठेवून त्या चौथ्या मजल्यावरच्या नव्या घरी आणल्या. तो पावसाळा होता. दोन फांद्या वाळल्या, एक जगली. सासरे तोवर गेलेले होते, परस उरले नव्हते. उरली ती पाच इंची कुंडीतली एक काडी. आई रोज सकाळचा चहा गॅलरीत खुर्ची टाकून त्या काडीशेजारी घेत.

पुढच्या जूनपर्यंत काडीचे रोप झाले आणि कुंडीच्या बुडाच्या छिद्रातून पांढरी मुळे डोकावू लागली. त्याच महिन्यात आईंचा ८० वा वाढदिवस होता. मी थाटात पंधरा इंची मातीची कुंडी आणवली.

"अगं, एवढी मोठी कशाला? अंगठाभर जागा पुरते त्याला," आई म्हणाल्या.

"असू द्या हो आई, वाढत्या अंगाचे आहे. एकदाच मोठी कुंडी दिली म्हणजे पाच वर्षांची निश्चिंती. दरवर्षी हा व्याप करायला मला वेळ कुठे आहे?" मी म्हटले.

आई पुढे काही बोलल्या नाहीत. मी कुंडी शेणखत घातलेल्या मातीने काठोकाठ भरली, मधोमध ते एवढेसे रोप लावले आणि भरपूर पाणी घातले.

पंधरा दिवसांत रोप मान टाकू लागले. पाने पिवळी पडून लोंबू लागली. मला वाटले, नव्या जागेत तहान वाढली असेल, म्हणून दोन्ही वेळा पाणी घालू लागले. सुधारणा दिसेना तेव्हा मूठभर रासायनिक खतही टाकले. तिसऱ्या आठवड्यात पाने गळू लागली. आईंनी तक्रार केली नाही. फक्त चहाची खुर्ची गॅलरीतून आत, दिवाणखान्यात आली. ते मला जास्त लागले.

शेवटी इमारतीच्या बागेत काम करणाऱ्या माळीकाकांना वर बोलावले. त्यांनी पानांकडे पाहिलेच नाही. मातीत बोट खुपसले, बाहेर काढून पाहिले, वास घेतला आणि म्हणाले, "साहेब, आ तरस्युं नथी, आ तो डूबे छे."

लक्षण एक, कारणे दोन

मी अक्षरशः खजील झाले. मलूल, थंड पडलेले बाळ समोर आले म्हणजे ते जुलाबांनी शुष्क झाले आहे की त्याचे हृदय थकले आहे, हे तपासल्याशिवाय सलाइन जोरात सोडू नये, असे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले. बाहेरून दिसणारे चित्र पुष्कळदा सारखेच असते. पण एकाला जीव देणारे पाणी दुसऱ्याचा जीव घेऊ शकते. रोपाचेही तसेच असते. माती कोरडी पडली तर मुळांना पाणी मिळत नाही आणि पाने मान टाकतात. माती सतत चिंब राहिली तर मुळे गुदमरतात, कुजतात, त्यांना पाणी ओढताच येत नाही, आणि पाने तशीच मान टाकतात. पाण्यात उभे असलेले रोप पाण्यावाचून सुकते.

मुळांनाही श्वास लागतो, हे आपण विसरतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते आणि तिच्यातला प्राणवायू मुळे घेतात. या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो पोहोचणे जवळजवळ थांबते, कारण प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यात पसरतो. अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे ओलाव्यात वाढणारे रोगजंतू चटकन हल्ला करतात. निरोगी मूळ पांढरे वा फिकट बदामी आणि टणक असते. कुजलेले मूळ काळपट, लिबलिबीत असते, त्याला आंबूस वास येतो आणि चिमटीत धरून ओढले तर साल हातात येते.

आता मोठ्या कुंडीने हे का घडते, ते पाहू. पाच इंची कुंडीऐवजी पंधरा इंची कुंडी घेतली म्हणजे तिप्पट मोठी, असे आपल्याला वाटते. पण व्यास, उंची सारेच तिप्पट झाले म्हणजे घनफळ सत्तावीसपट होते. एक भाग मातीत मुळे आणि सव्वीस भाग मातीत कोणीच नाही. त्या सव्वीस भागांतले पाणी ओढणारे मूळ नाही, ते लवकर वाळतही नाही. वरून पावसाळ्याची दमट हवा. पाच इंचीवरून सात इंची कुंडीत जाताना मात्र माती साधारण पावणेतीनपट होते. तेवढी रोपाच्या मुळांना काही आठवड्यांत कवेत घेता येते. आईंच्या अंगठ्याचा हिशेब हाच होता: जुन्या मातीच्या गोळ्याभोवती चोहोकडून अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे एक इंच जागा; व्यासात दोन इंचांची वाढ. लहान कुंड्यांना हा नियम तंतोतंत लागू पडतो. दहा-बारा इंचांच्या पुढे तीन-चार इंचांची वाढही चालते, कारण तेथे ती प्रमाणाने लहानच ठरते. वाढत्या अंगाचा झगा चालतो. वाढत्या अंगाची कुंडी चालत नाही.

कुंडी केव्हा बदलावी

रोप उंच झाले एवढ्यावरून ठरवू नये. बुडाच्या छिद्रातून मुळे बाहेर येणे, घातलेले पाणी न मुरता सरळ खालून निघून जाणे, सकाळी पाणी घालूनही दुपारपर्यंत रोप मलूल होणे, ऋतू अनुकूल असूनही नवी पाने लहान निघणे, ही खरी लक्षणे. शंका असेल तर रोप कुंडीतून अलगद काढून पाहावे. मातीच्या गोळ्याच्या कडेने मुळांचे वेटोळे दिसले तर वेळ झाली. माती सुटून पडली तर अजून अवकाश आहे.

आपल्या हवेत पावसाची सुरुवात, म्हणजे जूनअखेर ते जुलै, हा बहुतेक झाडांसाठी उत्तम काळ. हवा दमट असते, त्यामुळे दुखावलेल्या मुळांवर ताण कमी येतो. दुसरा काळ थंडी ओसरताना, फेब्रुवारीत. मोगऱ्याची छाटणी त्या सुमारास केली असेल तर कुंडीही त्याच वेळी बदलता येते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हे काम मुळीच करू नये. भर फुलोऱ्यातले झाडही शक्यतो हलवू नये.

कशी बदलावी

आदल्या संध्याकाळी रोपाला पाणी द्यावे, म्हणजे मातीचा गोळा अखंड निघतो. दोन भाग चाळलेली बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडी वाळू अथवा नारळाच्या काथ्याचा भुसा, असे मिश्रण बहुतेक झाडांना मानवते. काळी माती असेल तर वाळूचे प्रमाण वाढवावे, कारण ती ओली असता चिकट आणि वाळली की भेगाळ होते. मूठभर निंबोळी पेंड घातली तर उत्तम.

बुडाच्या छिद्रावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा कपडा ठेवावा, तोही माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. निचरा व्हावा म्हणून खाली विटांच्या तुकड्यांचा वा खडीचा जाड थर देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, ते सीमेवरच अडकून राहते. म्हणजे चिंब पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो आणि मुळांची जागाही वाया जाते. निचरा साधायचा असेल तर संपूर्ण मिश्रण भुसभुशीत हवे आणि छिद्र मोकळे हवे.

रोप काढताना खोड धरून ओढू नये. मातीवर तळहात ठेवून, खोड दोन बोटांच्या मध्ये घेऊन कुंडी उलटी करावी आणि तिचा काठ हलकेच आपटावा. नर्सरीतून आणलेल्या रोपाची काळी पिशवी कात्रीने कापून काढावी; पिशवीसकट लावलेली रोपे मी पुष्कळ पाहिली आहेत. मुळांचे घट्ट वेटोळे झाले असेल तर बोटांनी ते सैल करावे, किंवा कडेला तीन-चार उभ्या हलक्या चिरा द्याव्यात. तसे न केल्यास नव्या मातीतही मुळे जुन्याच चाकोरीत फिरत राहतात. खोड पूर्वी जेवढे मातीत होते तेवढेच ठेवावे, भोवतीच्या जागेत मिश्रण भरून हलके दाबावे, ठोकून घट्ट करू नये. वर एक इंच काठ मोकळा ठेवावा. मग खालून पाणी निथळेपर्यंत एकदाच भरपूर पाणी घालावे.

नंतरची शुश्रूषा

पहिले आठ-दहा दिवस कुंडी सावलीत, पण उजेडात ठेवावी. पुढचे पाणी घड्याळ पाहून नव्हे, बोट घालून द्यावे: बोटाची दोन पेरे मातीत खुपसावीत, तेथवर कोरडे लागले तरच पाणी. मातीच्या कुंडीतून ओलावा भिंतीवाटेही उडतो, प्लास्टिकच्या कुंडीतून उडत नाही, म्हणून शेजारी शेजारी असलेल्या दोन कुंड्यांनाही एकच वेळापत्रक लागू होत नाही.

खत तीन-चार आठवडे देऊ नये. येथे मला पुन्हा माझाच विषय आठवला. तीव्र कुपोषित बालकाला पहिल्या दिवशी भरपेट पौष्टिक आहार दिला तर त्याच्या रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचारपद्धतीत आधी एफ-७५ हे १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असलेले सौम्य दूध थोडेथोडे देतात; बाळ सावरल्यावर, त्याची भूक परतल्यावर, एफ-१०० कडे वळतात. रोपाची कथा वेगळी असली तरी धडा तोच आहे. दुखावलेल्या मुळांभोवती खताचे क्षार साचले की ती मुळातून मिळणारे पाणीही गमावतात. अशक्ताला अन्न हवे हे खरे, पण ते घेण्याची ताकद आधी यावी लागते. हे रोज सांगणारी मी, गॅलरीत मात्र मूठभर खत टाकून मोकळी झाले होते.

आणि प्रत्येक झाड मोठ्या कुंडीत जायलाच हवे असेही नाही. गॅलरीला मर्यादा असते. पूर्ण वाढलेल्या झाडाचा मातीचा गोळा काढून, बाहेरची इंचभर माती व मुळे छाटून, त्याच बेताने वरच्या फांद्याही कमी करून, ताज्या मातीसह ते त्याच कुंडीत पुन्हा लावता येते. दोन-तीन वर्षांनी एकदा असे केले तर झाड वर्षानुवर्षे त्याच जागेत सुखाने राहते.

डॉक्टर म्हणून चार शब्द

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी ही डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाची आवडती जागा. अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवेत सुमारे आठ-दहा दिवस पुरतात, आणि कोरड्या भिंतीला चिकटलेली अंडी महिनोनमहिने तग धरतात. म्हणून ताटली नुसती उपडी करून भागत नाही. आठवड्यातून एकदा घासून धुवावी, अथवा ताटली ठेवूच नये. ओल्या मातीसह पंधरा इंची कुंडीचे वजन ४० किलोंच्या घरात जाते. अशा कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवाव्यात; कठड्यावर कोणत्याही आकाराची कुंडी ठेवू नये. घरात रांगते मूल असेल तर कण्हेर आणि डिफेनबाखिया यांना तूर्त निरोप द्यावा: पहिलीचे विष हृदयावर परिणाम करते, दुसरीचे पान चावल्यास तोंड व घसा सुजतो. मातीत हात घालताना हातमोजे घालावेत, आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली हे आपण रुग्णांना विचारतो तसे स्वतःलाही विचारावे.

मोगऱ्याचे काय झाले, हे सांगायचे राहिले. माळीकाकांनी रोप बाहेर काढले. निम्म्याहून अधिक मुळे काळी पडली होती. ती त्यांनी धारदार कात्रीने कापली, वरच्या फांद्याही अर्ध्यावर आणल्या आणि उरलेला एवढासा जीव पुन्हा त्याच पाच इंची कुंडीत, निम्मी वाळू घातलेल्या मातीत लावला. "हवे भगवान जाणे," असे म्हणून ते खाली गेले. महिनाभर काही घडले नाही. मी रोज बोट घालून पाहत असे आणि बहुतेक दिवशी पाणी न घालताच परत फिरत असे. पाणी घालण्यापेक्षा न घालणे फार अवघड, हे तेव्हा कळले. चाळीस दिवसांनी, एका पेराशी, मोहरीएवढा हिरवा डोळा दिसला. मी आईंना हाक मारली. त्या चष्मा लावून आल्या, वाकून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी चहाची खुर्ची पुन्हा गॅलरीत आली.

त्याच्या पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सात फुले आली. आईंनी पाच देवापुढे ठेवली, एक सासऱ्यांच्या तसबिरीला वाहिले आणि एक माझ्या हातावर ठेवले. मला उद्देशून त्यांनी एक शब्दही काढला नाही. त्या जूनमध्ये कुंडी आणायला आम्ही दोघी मिळून गेलो. दुकानदार मोठी कुंडी दाखवू लागला, तेव्हा आईंनी घरून आणलेली सुतळी काढली. जुन्या कुंडीच्या तोंडाचे माप तिच्यावर गाठ मारून आणले होते. गाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक अंगठा ठेवून त्यांनी सात इंची कुंडी निवडली.

ती पंधरा इंची कुंडी अजून गॅलरीच्या कोपऱ्यात रिकामी आहे. मी ती कोणाला दिली नाही. दवाखान्यात एखादे आईवडील मूल अजून नीट चालत नाही तोच पुढच्या चार वर्षांचे बेत सांगू लागले, की मला ती आठवते. त्यांना मी मोगऱ्याची गोष्ट सांगत नाही. बाळाचे वजन, उंची तक्त्यावर मांडते, गेल्या खेपेपासून ते किती वाढले ते दाखवते, आणि पुढच्या तीन महिन्यांत काय करायचे तेवढेच सांगते.